मागची फळी

नाय नाय मिस्तरी, ती खोकी परत रॅकवर ठेवा — नवे नकोतच मला, नवे घ्यायला आलोच नाय मी. आता तुम्ही म्हणाल, नाना, गेल्या आठवड्यात पिकअपला चारी शॉकअप नवेकोरे टाकून गेलात, तेव्हा हात आखडला नाय, मग जीपनंच काय घोडं मारलं? सांगतो ना. आधी ते स्टूल द्या इकडं, कंबर धरलीय सकाळपासून. हां. तर ही जीप. देवळालीच्या लिलावातली, मिलिटरीनं वापरून वापरून टाकून दिलेली — घेतली तेव्हा आमचा समर्थ शाळेत जायचा, आज त्याच समर्थचं लग्न होऊन वर्ष उलटलं, अन् जीप अजून पेठच्या पलीकडच्या पाड्यांवर चढते. जिथं बैलगाडी थबकते तिथं ही जाते. ओहोळातनं जाते, कातळावरनं जाते. इंजिन खणखणीत, पाटे मी मुद्दाम जाड टाकून घेतलेत. फक्त मागचे दोन शॉकअप गेलेत. गेलेत म्हंजे काय, तेल सगळं बाहेर, नुसत्या नळ्या लोंबतायत. ते दोन काढायचे, तोंड खोलायचं, आत गिअर ऑइल भरायचं — जाडातलं जाड असेल ते — वर नवं सील, अन् परत लावून द्यायचे. झालं काम. तेवढ्यासाठी एवढं तोंड बारीक कशाला करता?

मला ठाऊक हाय तुम्ही काय म्हणणार. जाड तेल भरलं की दांडा हलत नाय, शॉकअप नुसता नावाला, काठी बसवल्यागत — दगडावर चाक गेलं की दणका सरळ वर. अहो, ठाऊक हाय म्हणूनच आलोय. दणका वर जाऊन जाऊन जाणार कुठं? मागच्या फळीवर. अन् मागच्या फळीवर मी बसतो का? समर्थ बसतो का? तिथं पेठकडची माणसं बसतात, द्राक्षाच्या खुड्याला आणतो ती. तुम्ही माल अन् माणूस यात गल्लत करताय, म्हणून समजावून सांगतो. पिकअपला नवे का टाकले? पिकअपमध्ये द्राक्ष जातं. युरोपला जाणारा माल हाय, मिस्तरी. घडावर पांढरी लव असते, बोट लागलं की पुसली — अन् पुसली की तो माल घेणारा क्रेटच बाजूला सरकवतो, आपल्याकडं वर बघत पण नाय. मण्याला मणी घासला, देठाला हिसका बसला, की संपलं. ऊन वाढलं की आम्ही एकेक घड कागदात गुंडाळतो, बाया लावून, तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं. एवढं करून रस्त्यात आपटवायचं? मग जपायलाच पाहिजे की. माणसाचं तसं नसतं. माणसाला हात असतात, पाय असतात, खड्डा आला की आपलं आपण सावरून बसतं. द्राक्ष सावरून बसत नाय.

हसला नाय तुम्ही. बाकी सगळे हसतात याला. सोसायटीत बोललो तर चेअरमनला ठसका लागला हसून हसून. असू द्या. तुम्ही पाना घ्या अन् लागा कामाला, मी बोलत बसतो.

मग भरायचे तरी कशाला म्हणता? बरोबर विचारलंत. कारण माझ्यापुरतं म्हणाल तर त्या लोंबत्या नळ्यांवर अजून दोन-चार सीझन निघाले असते. पण तो वाळू. वाळू म्हंजे त्यांचा मुकादम, त्यांच्याच पाड्यावरचा — माणसं गोळा करायची, माझ्या गाडीत घालायची, सीझनभर मळ्यावर राखायची, हे त्याचं काम. आतापर्यंत साधा माणूस होता. पण यंदा त्याला शिंगं फुटली, अन् ती मीच फोडली, माझ्या हातानं. झालं काय, पिकअपला तुमच्याकडनं नवे टाकून घेतले, अन् मळ्यावर गेलो तर हा आलेला, खुडा कधी लागणार ते विचारायला, संगती चार बाया, बाजार करून परत निघालेल्या. मला हौस. म्हटलं, ये वाळू, बघ. पिकअपच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, दाबली, सोडली. खाली गेली, वर आली, गप उभी. म्हटलं, याला म्हणतात शॉकअप, एकदा वर आली की हलता कामा नाय, पोटातलं पाणी हलत नाय आत बसणाऱ्याचं. हे मी म्हणालो. मीच. तो सरळ चालत गेला जीपकडं, तसाच दोन्ही हातांनी जोर दिला, दाबली, सोडली. अन् ती जी झुलायला लागली — वर, खाली, वर, खाली — तो बाजूला होऊन बिडी पेटवून उभा राहिला तरी झुलतीय. बाया हसल्या, मिस्तरी. तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या मळ्यावर, माझ्या जीपला.

अन् मग म्हणतो कसा — अगदी हळू आवाजात बोलतो तो, तेच जास्त लागतं — नाना, यंदा गाडी मी दाबून बघेन, मग बाया बसतील. म्हटलं, नाय बसल्या तर? तर म्हणे, नाय बसल्या तर दिंडोरीचा एक बागाईतदार ट्रॅक्टर पाठवतो म्हणला, त्याच्याकडं जातील. ऐकलं का. म्हंजे आता मुकादम गाडी पास करणार अन् मग मालक ती चालवणार. आरटीओच झाला तो. उद्यापासून माझा खुडा, गोडी उतरलीय, माल दोन दिवस पण थांबत नाय, अन् दिंडोरीत काय, निफाडात काय, सगळ्यांचा एकदमच आलाय, माणूस मिळत नाय. आज संध्याकाळी ती माणसं बोचकी घेऊन नाक्यावर येऊन बसणार, अन् हा जीप दाबणार. म्हणून म्हटलं, दाबू दे ना. हातानं दाबली की जाड तेलाचा शॉकअप कसा वागतो? एकदम गुणी बाळ. खाली, वर, गप. हाताचा जोर हळू असतो, त्याला काय कळतंय आत काय भरलंय ते. त्याची परीक्षा मीच शिकवली, आता पेपर पण मीच काढतो. रस्त्याला लागल्यावर काय व्हायचं ते होईल, चालत्या गाडीतनं कोण उतरतंय.

थांबलात का? नट गंजलाय का? थोडं रॉकेल मारा.

काय? का म्हंजे, अचानक का दाबून बघावं वाटलं त्याला? ते होय. ते त्या भागीबाईचं धरून बसलेत. एक बाई हाय त्यांच्यात, काळी, बारकी, कामाला मात्र वाघीण — कात्री अशी चालते की घडाला कळत नाय आपण वेलीवरून सुटलो. मागल्या वर्षी पडली. म्हंजे पडली असं ते म्हणतात. गाडीतनं खाली पडली नाय हां, ते सांगून ठेवतो, फाळका लावलेला होता, मी स्वतः लावलेला. आतल्या आत आपटली. ओहोळातनं वर चढताना तो कातळ लागतो, तिथं मागची फळी उडते जरा, सगळेच उडतात, नि परत बसतात. ही परत नीट बसली नाय. फळीच्या कडेवर बसली, अन् वरनं बोचकं. आता दिवस गेलेली बाई, सहावा-सातवा महिना चाललेला, तिनं धरून बसायला नको? कशाला धरून म्हंजे... कशालाही. माणसाला.

हो, म्हणाली ना. दुखतंय म्हणाली. काच ठोकली त्यांनी मागनं, वाळूनंच ठोकली. गाडी थांबवून मी बघितलं. मी काय राक्षस हाय का? म्हणाले, पेठला फिरवा, दवाखाना जवळ हाय. पण मिस्तरी, तुम्ही धंद्याची माणसं, तुम्हीच विचार करा. मागल्या वर्षी माणसं आणायला उशीर झालेला, सकाळीच आणायची अन् सकाळीच बागेत घालायची होती. मळ्यावर ट्रक येऊन उभा. एक बाई दवाखान्यात न्यायची म्हणून अख्खी टोळी पेठच्या रस्त्यावर फिरवायची, ट्रक रिकामा परत जाऊ द्यायचा? मी म्हटलं, आधी मळ्यावर चला, तिथनं नाशिक पण आहेच. नाशिकला मोठे डॉक्टर. चांगल्यासाठीच म्हटलं. मळ्यावर पोचल्यावर तिला मांडवाखाली सावलीत निजवली. गोणपाट दिलं. पाणी दिलं. मग माणसं ओळीला लावून दिली, तिच्या नवऱ्याला पण लावलं — तो तिथं नुसता डोक्याला हात लावून बसला होता, त्याचा काय उपयोग — अन् ट्रक भरून गेला की लगेच समर्थला म्हटलं, जा, हिला घेऊन जा. लगेच म्हंजे जेवणं झाल्यावर. पिकअप होती की मोकळी, पण तिच्यात क्रेट धुऊन रचून ठेवलेले, ते सगळे डागाळले असते. जीपनंच पाठवली.

तुम्ही कामाकडं बघा. माझ्याकडं काय बघता.

पोरगं गेलं. ते तर कुणाच्या हातात नसतं. डॉक्टरनं समर्थला काय काय ऐकवलं म्हणे, आधी आणायला पाहिजे होती नि हे नि ते. डॉक्टरांना काय जातं बोलायला. समर्थ तेव्हापासून माझ्याशी जरा तोडूनच वागतो. त्या टोळीला आणायला मी जात नाय म्हणाला, म्हणून आज मी चाललोय, या कमरेनं. अन् ती बाई आठ दिवसांत परत कात्री घेऊन बागेत उभी होती. मी म्हणतो ना, त्यांना काय होत नाय. कणखर असतात. लागलं तरी रडत नाय हो ती माणसं, मग आपल्याला कसं कळणार लागलंय ते?

आता यंदा परत हाय म्हणे तिला. तेच तर. म्हणून तर वाळूचं हे सगळं नाटक. तिचा नवरा येऊन बोलला मला, टोपी हातात घेऊन — नाना, यंदा तिला घरीच ठेवतो, मी एकटा येतो. म्हटलं, अरे, मी जोड्याच घेतो, तुला माहीत हाय. ही माझी पद्धत हाय, मिस्तरी, वडिलांपासूनची. एकटा गडी घेत नाय मी. एकट्याचं लक्ष पाड्याकडं, सणावाराला पळून जातो, परत येत नाय. बायको संगती असली की चूल इथं पेटते, मग पाय पण इथं राहतात. एकट्याला घेतला की उद्या सगळेच एकटे येतील. म्हटलं, यायचं तर दोघं या, नायतर दोघं राहा घरी. अन् घरी राहून खाणार काय ते त्यालाही माहीत, मलाही माहीत. मग म्हणतो, तिला पुढच्या सीटवर तरी बसवा. पुढच्या सीटवर. माझ्या शेजारी. आता बसवायला जागा असते, नाय असं नाय — माझी पिशवी अन् डबा असतो नुसता. पण एकदा एक बाई पुढं बसवली की तो पायंडा पडतो. पुढच्या वर्षी दुसरी म्हणेल माझं डोकं दुखतंय. म्हटलं, मागं सगळ्यांच्यात बस, सोबत असते.

आमच्या सुनेचं? तिचं काय मध्येच? शुभांगी हाय बरी. येते की नाशकाला तपासायला, पिकअपनंच येते, पुढं बसून, समर्थ चालवतो. मागल्या आठवड्यात तुमच्याकडनं शॉकअप टाकून नेले त्याच दुपारी येऊन गेली — म्हणाली, मामा, कळलंच नाय खड्डा कुठं होता. हो, तिलाही... सहावाच. आता सहावा लागला. पण ते वेगळं. वेगळं म्हंजे वेगळं, त्यात काय सांगायचं. तिला सवय नाय. नाजूक हाय, शहरातली, गंगापूर रोडची. अन् घरातलं पहिलं हाय ते. भागीबाईला आधीची हायत दोन का तीन. तुम्ही कशाला कशाशी जोडताय? मी म्हटलं का, पिकअपचे शॉकअप तिच्यासाठी टाकले? द्राक्षासाठीच टाकले. बसली ती, फायदा झाला, एवढंच.

बरं ते राहू द्या. भरून झाले? लावा लावा. बुश जुनेच चालतील, घट्ट आवळा. बाहेरनं पण जरा पुसून काळा रंग मारा, वाळूला नवे दिसले पाहिजेत. रंग नाय? मग ग्रीस फिरवा हलक्या हातानं, चमकतं ते. अस्सं. सरका, मी दाबतो.

हे बघा. खाली. वर. गप.

परत एकदा. खाली. वर. गप. आता नवे अन् जुने शेजारी उभे करा, कुणी ओळखून दाखवा. मी त्याला म्हणणारच नाय काय. नुसता उतरणार, बाजूला उभा राहणार. म्हणणार, वाळूशेठ, दाबा. सगळ्या बायांसमोर दाब म्हणणार. अन् दाबल्यावर त्याचं तोंड बघणार मी. मागल्या खेपेला त्या हसल्या ना, आता माझी पाळी. अन् सगळी बोचकी चढली, सगळी माणसं चढली, फाळका लागला, की मग त्याला एकच वाक्य सांगणार — वाळू, पुढच्या वर्षी तुझ्याशिवाय टोळी आणणार मी. मध्ये ओहोळ आल्यावर सांगणार, कातळाच्या अलीकडं. तिथं उतरून जाणार कुठं? ऐकून घ्यायला लागतं तिथं.

झालं मग, किल्ली द्या. ट्रायल? कशाला ट्रायल? बघितलं की दाबून. बरं, तुमची पद्धत असेल तर मारा एक चक्कर, तपोवनापर्यंत जाऊन येऊ, तो नदीकडचा रस्ता खराबच हाय. चला, तुम्ही चालवा, मी बसतो इकडनं पुढं.

काय? मागं?

मागं कुणी बसायचं, मी? गंमत करताय होय. नाय, पण मी पुढनं पण सांगेन ना कसं लागतंय ते. मागचे भरले म्हणून मागंच बसलं पाहिजे असं कुठं हाय? अन् कमरेचं सांगितलं ना तुम्हाला. पट्टा हाय बघा, शर्टाच्या आतनं, दाखवू का? डॉक्टरनं टू-व्हीलर पण बंद केलीय. मणक्यात गॅप हाय. मी त्या फळीवर बसायचं म्हंजे... नाय, कधीच बसलो नाय. आयुष्यात नाय. माझ्या गाडीत मी मागं कशाला बसेन? अन् तुम्ही स्वतः तेल भरलंत, ग्रीस फिरवलंत, अन् आता फाळका उघडून धरून उभे राहिलात. दारातल्या त्या पोरांनी बघितलं तर काय म्हणतील? लावा तो. लावा म्हणतो ना.

अहो, अहो, तुम्ही कुठं चढताय? मिस्तरी. उतरा. दुकान उघडं पडलंय तुमचं. मी इथनं सरळ पेठला चाललोय, मध्ये थांबणार नाय कुठं. तपोवनाला पण नाय जात, झाली ट्रायल. ऐकू येतंय का? स्टार्टर मारू का, नेऊ असंच? वाळूला सांगणार काय तुम्ही तिथं जाऊन? काय सांगणार — तेल मी भरलं म्हणून? तुमच्याच हातानं भरलंत. नुसते फळी धरून बसलात.

असे कडेवर बसू नका. कडेवर नका बसू म्हणतो, ती कड लागते. सरका आत. तिथं धरायला काय नाय, हात सटकतो, कातळावर गाडी उडाली की डोकं वरच्या पाइपाला, अन् खाली आलात की माकडहाड. तुमचं वय काय, तुमची हाडं काय. पेठपर्यंत जिवंत पोचणार नाय तुम्ही. मी तुमच्या भल्याचं सांगतोय, मिस्तरी — मागं काय माणूस बसतं का?

...

तुमच्यासारखं माणूस म्हणतोय मी. कळतंय ना तुम्हाला काय म्हणायचंय ते.

उतरा आता. हात देऊ का? नको तर नको. सावकाश. फाळका लावा, अन् बाजूला व्हा, रिव्हर्स घ्यायचीय मला. ती माणसं नाक्यावर येऊन बसली असतील.